मदत हवी आहे: वारेतला (प्लासेंटातला) विषाणू दुसऱ्याला लागतो का?

पाऊसवेळ: घाईत आहे, थेट लिहिते. मागच्या महिन्यात बहिणीची गर्भपिशवी साफ केली. आता रिपोर्ट पुन्हा वाढलाय आणि डॉक्टर इंजेक्शनं सुरू करू म्हणतात. तिच्या दिराने कुठेतरी वाचलं की वारेत विषाणूचं जनुक असतं आणि तसलीच जनुकं कॅन्सरमध्येही सापडतात. तेव्हापासून सासूबाईंनी तिचं ताट-वाटी वेगळं केलंय, तीन वर्षांच्या पोरीलाही जवळ जाऊ देत नाहीत. हा विषाणू लागतो का? टेस्ट कुठे होते? उद्या सकाळी तिच्या सासरी फोन करायचाय, त्याआधी सांगा.

रानवाट: कोणता रिपोर्ट? पिशवी कशासाठी साफ केली? एवढ्यावर कोण काय सांगणार?

पाऊसवेळ: बीटा एचसीजी, गर्भारपणाच्या हार्मोनचा, दुसरा कुठला असणार! दर आठवड्याला करतात. 1,900, मग 2,300, आता 2,900. बायोप्सीत पूर्ण द्राक्षगर्भ आलाय, म्हणजे बाळ नाही, नुसती वारच वाढलेली.

सुमनमावशी: माझ्या जावेलाही द्राक्षगर्भ झाला होता. शतावरी कल्प आणि फॉलिक ॲसिडच्या दुप्पट गोळ्या घेतल्या, वर्षभरात मुलगा झाला. बहिणीला आजच सुरू करा.

जनुकवेडा: मावशी, फॉलिक ॲसिड अजिबात नको. इंजेक्शन बहुधा मेथोट्रेक्सेटचं असेल आणि ते फॉलिक ॲसिडचंच काम अडवून पेशींची वाढ थांबवतं. डॉक्टर त्याच्या जोडीला फोलिनिक ॲसिड देतात, ते वेगळं.

सुमनमावशी: मी अनुभव सांगितला. जावेला इंजेक्शनं नव्हती, हे मात्र खरं.

माळरान: मी पशुवैद्य आहे. 'लागत नाही' असं एकदम म्हणू नका. मेंढ्यांत याग्झिक्टे नावाचा विषाणू आहे. त्याचीच जुनी भावंडं मेंढीच्या जनुकांत बसलेली आहेत आणि त्यांच्याशिवाय तिची वार नीट रुजत नाही. तोच विषाणू बाहेरून आला, तर फुप्फुसाचा कॅन्सर करतो आणि एका मेंढीचा दुसरीला लागतो. क्लोन केलेली डॉली 2003 मध्ये फुप्फुसाच्या याच आजारामुळे दयामरण देऊन संपवावी लागली.

पाऊसवेळ: म्हणजे लागतो? आता मी काय सांगू त्यांना?

जनुकवेडा: नाही ताई, लागत नाही. माळरान यांनी मेंढ्यांबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, पण तिथे बाहेर जिवंत विषाणू फिरतोय. आपल्या वारेतलं जनुक म्हणजे सिन्सिटिन-1. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी एक विषाणू आपल्या वानर पूर्वजांच्या बीजपेशींत शिरला आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. विषाणू केव्हाच मोडला, त्याचं पेशीला चिकटायचं हत्यार तेवढं कामाला लागलं. त्याच्यामुळे वारेच्या पेशी एकमेकींत मिसळून सलग थर होतो आणि त्या थरातून बाळाला अन्न-प्राणवायू मिळतो. हे 2000 साली उघड झालं. 2009 मध्ये फ्रान्समधल्या गटाने उंदरांतलं असंच जनुक बंद केलं, तर पिल्लं पोटातच गेली.

आपल्या जनुकसंचातला सुमारे 8 टक्के भाग अशा जुन्या विषाणूंचा आहे. सासूबाईंच्या प्रत्येक पेशीत सिन्सिटिनचं जनुक आहे, आणि दीर त्यांच्या पोटात होता तेव्हा त्याची वार याच जनुकावर तयार झाली. फोनवर एवढंच सांगा. टेस्ट कसली करणार? ते सगळ्यांत असतंच.

रानवाट: पण मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरमध्ये, एचईआरव्ही-के हा असाच जनुकांतला जुना विषाणू सापडतो, हे मीही वाचलंय. तुम्ही ते गाळताय.

जनुकवेडा: गाळत नाही. निरोगी पेशी या जनुकांवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणेचं कुलूप घालून ठेवते. कॅन्सरमध्ये कुलपं सैल होतात म्हणून ती बोलू लागतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये असे काही तुकडे शेजारची जनुकं चालू करणारी बटणं होतात, म्हणजे कॅन्सरला हातभारही लागतो. उलट 2015 मध्ये दिसलं की औषधाने ही कुलपं मुद्दाम उघडली, तर पेशीला विषाणूचा हल्ला झाल्यासारखं वाटून प्रतिकारशक्ती जागी होते. पण यातलं काहीही ताटावाटीतून जात नाही.

आणि द्राक्षगर्भाचं कारण वेगळंच आहे. बहुतेक वेळा स्त्रीबीजात आईची गुणसूत्रं उरत नाहीत, फक्त वडिलांची दुप्पट होतात. बाळ होत नाही, वारच वाढत सुटते. यावरून उद्या जावयाला दोष देऊ नका. हा फलनाच्या क्षणीचा अपघात आहे.

माळरान: मान्य. मेंढ्यांचं उदाहरण घाबरवायला दिलं नव्हतं.

ग्रंथप्रेमी: अवांतर: मेथोट्रेक्सेटच्या घडणीत आंध्रचे जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा. 1956 मध्ये वारेच्या कॅन्सरवर त्याचा गुण आल्याचं छापून आलं, तेव्हा ते हयात नव्हते.

रानवाट: पाऊसवेळ, मुलगी अजून अंगावर पिते का?

पाऊसवेळ: रात्री झोपताना पिते. का?

रानवाट: हे आधी सांगायचं होतं! मेथोट्रेक्सेट दुधात उतरतं. पहिल्या इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांगा, औषध चालू असताना पाजायचं नाही. कुशीत घ्यायला, एका ताटात जेवायला काही हरकत नाही. आणि एचसीजी खाली येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत, नाहीतर आकडा कशाने वाढला ते कळत नाही.

पाऊसवेळ: डॉक्टरांनी पाजण्याबद्दल विचारलंच नव्हतं, आणि आम्हीही बोललो नाही. आत्ताच बहिणीला फोन लावते. सासूबाईंशी सकाळी मीच बोलेन.