झूऑलॉजी मेजर, सायकॉलॉजी मायनर: वर्तनाचा जैविक पाया नीट कसा अभ्यासावा?

निशाचर:
नमस्कार मंडळी. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू आहे, पुढे न्यूरोसायन्समध्ये एम.एस्सी. करायचं आहे. झूऑलॉजीत आयन आणि पेशीपटल शिकवतात, सायकॉलॉजीत स्मृती आणि भावना. मधला दुवा कुठेच सापडत नाही. ॲक्शन पोटेन्शियल (चेतापेशीतून धावणारा विजेचा क्षणिक संदेश) तोंडपाठ आहे, तरी प्रश्न जरा फिरवला की अडायला होतं. शिवाय मोठी यंत्रं नसलेल्या कॉलेजात वर्तनाचा प्रयोग कसा करावा? आणि बारावीनंतर सुटलेलं गणित किती लागेल?

पेशीपटल:
ॲक्शन पोटेन्शियलचा आलेख पाठ करू नका, आकडे मांडा. पोटॅशियम पेशीच्या आत १४० आणि बाहेर ५ मिलिमोलर धरा. पटलाच्या दोन बाजूंतला विजेचा फरक म्हणजे पोटेन्शियल. तो किती असताना एखाद्या आयनची ये-जा समतोल होते, त्याचं शरीराच्या तापमानाला सूत्र असं: ६१.५ गुणिले (बाहेर भागिले आत) याचा १० पायाचा लॉग. उत्तर येतं उणे ८९ मिलिव्होल्ट. सोडियम बाहेर १४५, आत १५ घेतलं तर अधिक ६१च्या आसपास. विश्रांतीतली पेशी उणे ७०ला, म्हणजे पोटॅशियमच्या आकड्याजवळ असते, कारण त्या वेळी पटलातून मुख्यतः पोटॅशियमच ये-जा करू शकतं.

आता बाहेरचं पोटॅशियम १० करा. त्याचा आकडा उणे ७०.५ होतो आणि पटलाचं पोटेन्शियलही शून्याकडे सरकतं. पेशी जास्त उत्तेजित होईल असं वाटतं, पण ही स्थिती टिकली की सोडियम चॅनेल (सोडियम आत सोडणारी पटलातली दारं) निष्क्रिय होऊन बसतात आणि संदेशच थांबतो. फिरवलेले प्रश्न बहुतेक याच जागेवर बोट ठेवतात.

दुसरी हमखास चूक म्हणजे स्पाइकनंतर (ॲक्शन पोटेन्शियलच्या उसळीनंतर) पोटेन्शियल खाली आणण्याचं काम पटलातल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला देणं. पंप ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो, पण त्याचं काम सावकाश चालतं. पोटेन्शियल खाली येतं ते सोडियम चॅनेल निष्क्रिय झाल्यामुळे आणि पोटॅशियम चॅनेल उघडल्यामुळे. एका स्पाइकमध्ये इतके थोडे आयन हलतात की पंप बंद पाडला तरी जाड अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) बराच वेळ संदेश पाठवत राहतो.

दुवा हवा असेल तर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले जीवशास्त्रज्ञ ओबैद सिद्दिकी वाचा. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या म्युटंट (जनुकात बदल झालेल्या) फळमाश्यांवर त्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ सिमोर बेन्झर यांच्यासोबत काम केलं. त्यातला 'पॅरा' हा जनुक सोडियम चॅनेलचा निघाला. उष्णतेने चॅनेल बिघडतो, चेतापेशी गप्प होतात, माशी कोसळते. गारव्यात परत उठते. रेणूपासून वर्तनापर्यंतची अख्खी साखळी एका माशीत दिसते.

खालून_वर:
प्रयोगासाठीही फळमाशीच घ्या. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर यांचं खाद्य करा. बुरशी धरू नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक आम्ल घाला. ५ दिवसांच्या आणि ४० दिवसांच्या माश्यांची चढण्याची क्षमता तपासा. दोन नळ्या तोंडाला तोंड लावून जोडा, तळापासून ८ सेंमीवर रेघ मारा, आत १० माश्या सोडा. हलकेच ठोकून सगळ्या तळाशी पाडा आणि १० सेकंदांत किती जणी रेघ ओलांडतात ते मोबाइलवर चित्रित करा. मिनिटभर थांबून पुन्हा. दर गटाच्या किमान १० नळ्या हव्यात.

बिघडतं कुठे? माश्या निवडताना त्यांना बेशुद्ध करायला ईथर दिलं आणि त्याच दिवशी मोजलं तर तुम्ही गुंगी मोजता; मध्ये २४ तास जाऊ द्या. उजेड एका बाजूने येत असेल तर माश्या तिकडेच जातात. सकाळ-संध्याकाळ त्यांची हालचाल वाढते, म्हणून दोन्ही गट एकाच वेळी तपासा. नळ्यांना सांकेतिक क्रमांक द्या, मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. सगळ्यात महत्त्वाचं: एका नळीतल्या १० माश्या म्हणजे १० नमुने होत नाहीत, नमुना एकच, ती नळी. ही चूक प्रकल्पांत सर्रास होते आणि निष्कर्ष फुकट जातो.

लॉग_टेबल:
गणिताला घाबरू नका, पण टाळूही नका. लॉग, घातांक, साधं डेरिव्हेटिव्ह आणि संभाव्यता, एवढं पक्कं करा. सोबत आर किंवा पायथन ही संगणकभाषा. का ते बघा. एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) मेंदूचे ५०,००० ठिपके वेगवेगळे तपासले आणि ०.०५ची मर्यादा (दर चाचणीत ५ टक्के चुकीचा होकार चालेल अशी) तशीच ठेवली, तर काहीही घडत नसताना सुमारे २,५०० ठिपके 'पेटलेले' दिसतील. २००९मध्ये मेलेल्या सॅमन माशाच्या स्कॅनमध्येही असे ठिपके दाखवून दिले गेले होते. शिवाय एफएमआरआयचा सिग्नल रक्तपुरवठ्याचा, उद्दीपनानंतर ५-६ सेकंदांनी शिगेला पोचणारा. मिलिसेकंदांचा प्रश्न असेल तर ईईजीकडे (डोक्यावरून मेंदूतली विजेची हालचाल नोंदणाऱ्या तंत्राकडे) वळा.

एम.एस्सी.साठी मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र) आणि हैदराबाद विद्यापीठाचं न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस केंद्र, दोन्हींच्या प्रवेशाच्या अटी आत्ताच वाचून ठेवा. समुपदेशनाकडे कल असेल तर वाट वेगळी: सायकॉलॉजीत एम.ए. आणि पुढे आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला) अभ्यासक्रम.

निशाचर:
मनापासून आभार. @खालून_वर, नर-मादी एकत्र घेतल्या तर चालतील?

खालून_वर:
नको, फक्त नर घ्या. अंड्यांनी भरलेली मादी जड असते. मग वयाचा परिणाम कुठला आणि वजनाचा कुठला हे वेगळं काढता येत नाही. नर ओळखायला पुढच्या पायावरचा काळा कंगवा भिंगाखाली पाहा, पोटाच्या रंगावर विसंबू नका. नुकत्याच बाहेर पडलेल्या माश्यांत तो रंग फसवतो.