पीएचडीच्या मुलाखतीसाठी नेमकी काय तयारी करू?

पेशीवेडी
अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज केले होते. एका विद्यापीठाचं मुलाखतीचं बोलावणं आलंय. झूमवर पाच प्राध्यापक, प्रत्येकी अर्धा तास. रसायनशास्त्रातल्या मित्राला मात्र मुलाखतीशिवाय थेट ऑफर आली. मग आमचीच परीक्षा का? बायोकेमिस्ट्रीची पुस्तकं पुन्हा काढली आहेत, पण वाचलेलं डोक्यात राहत नाही. काय करू?

सूक्ष्मदर्शी
अभिनंदन! पुस्तकं ठेवून दे. तुझे मार्क आणि शिफारसपत्रं त्यांनी पाहिली आहेत, ती पसंत पडली म्हणूनच बोलावलंय. रसायन, भौतिकशास्त्रात बहुधा आधी ऑफर आणि मग भेट असते. जीवशास्त्रात बरेच विभाग आधी बोलून घेतात. पाच-सहा वर्षं जिच्यासोबत काम करायचं, ती मुलगी विचार कसा करते हे त्यांना बघायचं असतं.

तयारी करायची ती स्वतःच्या प्रोजेक्टची. माझ्या मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "वेस्टर्न ब्लॉटला लोडिंग कंट्रोल म्हणून अ‍ॅक्टिनच का घेतलं?" (वेस्टर्न ब्लॉट म्हणजे नमुन्यातलं प्रथिन शोधायची चाचणी; सगळे नमुने सारखेच घेतलेत ना, हे ज्या न बदलणाऱ्या प्रथिनावरून बघतात ते लोडिंग कंट्रोल.) मी म्हटलं, "लॅबमध्ये सगळे तेच वापरतात." ते नुसतं "बरं" म्हणाले. खरं तर माझं औषध पेशीच्या सांगाड्यावरच काम करत होतं आणि अ‍ॅक्टिन हा त्या सांगाड्याचाच भाग, म्हणजे अ‍ॅक्टिनवर भरवसा ठेवायलाच नको होता. हे मला रात्री सुचलं. तिथे प्रवेश मिळाला नाही, आणि ते "बरं" अजून आठवतं. उत्तर येत नसेल तर तसं सांग, पण लगेच "हे तपासायचं तर मी असं करेन" हेही सांग.

दुसरा_रोटेशन
तिथल्या पीएचडी विद्यार्थ्यांसोबत गप्पांचा तास ठेवला असेल तर तो हलक्यात घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी त्यांचंही मत विचारतात. शिवाय खरी माहिती तिथेच मिळते: गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, लॅब सोडून कोण गेलं आणि का. हे जरूर विचारा. आणि ऑफर आली की घाईने हो म्हणू नका. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरचं उत्तर १५ एप्रिलच्या आत द्यायची सक्ती करू शकत नाहीत.

पेशीवेडी
सूक्ष्मदर्शी, तुमचं वाचून प्रबंध उघडला. तिसऱ्या आकृतीत एकच कंट्रोल आहे, आणि तो का निवडला हे मला सांगता येत नाहीये. आता तेच लिहून काढायला बसलेय. उद्या कोणी अर्धा तास सराव मुलाखत घेईल का?

सूक्ष्मदर्शी
मी घेते. ती आकृती आधी पाठवून ठेव.