शब्दचर्चा: प्रथिनपाचक विकर, ॲलर्जी आणि वावडं

पानगळ: पाळणाघरांसाठी खाण्याच्या ॲलर्जीवरचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. किवीपाशी अडले. त्यातलं ॲक्टिनिडिन हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम, आणि किवीच्या ॲलर्जीला कारण होणाऱ्या मुख्य घटकांपैकी एकही तेच. मी लिहिलं, 'किवीत ॲक्टिनिडिन नावाचं प्रथिनपाचक विकर असतं.' छापखान्याकडून प्रूफ आलं त्यात 'प्रथिनपाचक विकार असतो'! काना तर घातलाच, क्रियापदही जुळवून घेतलं. दुसरा शब्द सुचवा. 'ॲलर्जन'ला काय म्हणायचं तेही सांगा.

जुनामास्तर: विकर बदलू नका. शाळेच्या पुस्तकात हाच शब्द आहे, मुलं तो लिहून मार्क मिळवतात. छापखान्याला येत नाही म्हणून आपण शब्द टाकायचा, तर वर्षभरात निम्मी परिभाषा जाईल. याआधी 'वितंचक' होता, तो आपण असाच घालवला. किती सुंदर शब्द! संस्कृतात आतञ्चन म्हणजे विरजण, त्याच धातूवरचा.

चुलीपुढे: मास्तर, पण किवी गोठवते कुठे? जिलेटिनच्या जेलीत ताजी किवी घाला, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वाटीत पाणीच. जिलेटिन हे प्रथिन, ॲक्टिनिडिन ते तोडून टाकतं. चायना ग्रासची जेली मात्र छान लागते, कारण चायना ग्रासमध्ये तोडायला प्रथिन नाही. किवी आधी शिजवून घेतली तर जिलेटिनचीही लागते, उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. किवीचं मिल्कशेक करून ठेवलं की कडू होतं तेही यामुळेच, दुधातलं केसिन तुटतं. विरजणाशी याचा संबंध नाही.

जुनामास्तर: आहे. अंजिराच्या चिकाने दूध गोठतं, ते याच जातीचं विकर. तोडतं म्हणूनच तर दूध फाटतं.

रानमोगरा: मटणाला कच्ची पपई लावतो तेच ना हे?

चुलीपुढे: हो, पपईतलं पपेन आणि हे एकाच कुळातले. म्हणून किवीच्या गरात मटण फार वेळ ठेवायचं नाही, वरून पिठूळ होतं.

नीरक्षीर: मग पपईचं पपेन तसं किवीचं 'किवीन' करा की! ॲक्टिनिडिन कोणाच्या तोंडात बसणार?

प्रयोगवही: कृपा करून नको. तपासणीच्या कागदावर 'ॲक्ट डी 1' असं येतं. वेलीच्या शास्त्रीय नावातल्या ॲक्टिनिडियाचं 'ॲक्ट', डेलिसिओसाचा 'डी', आणि पुढे अनुक्रमांक. आईच्या हातात तो कागद पडला तर पत्रकातल्या नावाशी जुळायला हवा. शिवाय 'किवी' हे नाव तरी कुठे मुळातलं आहे? वेल चीनची. तिचं बी 1904 साली न्यूझीलंडला गेलं. तिथे 'चायनीज गूजबेरी' म्हणत. परदेशी विकण्यासाठी 1959 साली 'किवीफ्रूट' केलं. हे विकरही शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी नोंदवलं. ॲक्टिनिडिया ग्रीक 'किरण'वरून आलं. फूल उघडून पाहा, मधोमध चाकाच्या आऱ्यांसारख्या पांढऱ्या कुक्षी पसरलेल्या दिसतात.

रानमोगरा: ॲलर्जीला आपल्याकडे 'वावडं' हा इतका चांगला शब्द असताना सगळे ॲलर्जी का म्हणतात? आमच्या आजीला शेंगदाण्याचं वावडं होतं, सगळ्या गावाला ठाऊक. 'किवीचं वावडं असणाऱ्या मुलांना' असं लिहा ताई.

पानगळ: तेच नको वाटतंय. 'त्याला पाहुण्यांचं वावडं आहे' असंही आपण म्हणतो. नावड आणि ॲलर्जी दोन्ही त्यात येतात. 'नखरे करतोय, एक घास खाईल तर काय होतंय' असं म्हणून कोणी भरवलं तर? ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं इथपासून श्वास कोंडण्यापर्यंत जाऊ शकतं.

रानमोगरा: आजीचंही तसंच सुजायचं, तरी कोणी तिला नखरेल म्हटलं नाही. शब्द बदलल्याने माणसं काळजी घेतात असं नाही.

प्रयोगवही: पण पत्रकात शंका राहता कामा नये. 'ॲलर्जी' आता खेड्यातल्या दवाखान्यातही बोलतात. 'ॲलर्जन'ला 'ॲलर्जीकारक घटक' पुरे. आणि ताई, सोनेरी किवीत ॲक्टिनिडिन अगदी कमी असतं, पण म्हणून ती चालेल असं लिहू नका. किवीत ॲलर्जीची इतरही प्रथिनं आहेत.

नीरक्षीर: वावडं म्हणजे वात वाढवणारं, वायूवरून आलेला शब्द. वावडी म्हणजे पतंग, तोही वाऱ्यावरचा.

जुनामास्तर: कानाला सारखं लागलं म्हणून मूळ एक होत नाही. मधली रूपं दाखवा, मग मानू.

नीरक्षीर: वाताचा विचार आपल्या खाण्यात पदोपदी आहे मास्तर. हरभऱ्याची डाळ, वाल, वांगं. मी वायूवरच ठाम आहे.

सागवेळ: मला किवी खाल्ली की जीभ चुरचुरते. ही ॲलर्जी का?

प्रयोगवही: जीभ चुरचुरली म्हणजे ॲलर्जीच, असं नाही. अळू-सुरणात असतात तशा कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया किवीतही असतात. सुया टोचतात आणि ॲक्टिनिडिनसारखी विकरं तिथेच काम करतात. पण ओठ-घसा सुजत असेल तर खाणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. काहींना लेटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, आणि किवीची अशी दोन्ही ॲलर्जी असते, तेही सांगा.

सागवेळ: म्हणजे किवी 'खाजरी' आहे म्हणायची! आमच्याकडे खाजरं अळू चिंच घातल्याशिवाय शिजवत नाहीत.

चुलीपुढे: आमच्याकडे अळू 'खवखवतं'. खाजरं म्हणजे हाताला खाज येते ते, चिरताना.

सागवेळ: नाही हो, हाताला आणि घशाला, दोन्हीला खाजरंच.

पानगळ: उद्या प्रूफ परत द्यायचंय. विकर ठेवू की एन्झाइम?

जुनामास्तर: विकर. आणि छापखान्याला फोन करून काना काढायला सांगा.

प्रयोगवही: एन्झाइम.

रानमोगरा: घशाला खवखवतं, हाताला खाजतं. कोल्हापूरकडे कोणी वेगळं म्हणतं का?