मदत हवी आहे: नाल्यापासून लांब गेल्यावर कॅडमियम वाढतंय, आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेल अहवालात नाही

मंडळी, पदव्युत्तरच्या प्रकल्पासाठी खाडीतले तीन नमुने घेतले. पहिला सांडपाण्याचा नाला मिळतो तिथे (क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ, २), दुसरा मधल्या पट्ट्यात (१६), तिसरा मुखाशी (३२). अहवाल आला आणि डोकंच चक्रावलं.

शिसं नाल्यापासून कमी होत गेलंय, ते ठीक. पण विरघळलेलं कॅडमियम मधल्या नमुन्यात नाल्याजवळच्या जवळपास दुप्पट! मध्ये ना कारखाना, ना दुसरा नाला. होडीतून दोन्ही काठ पाहिलेत. आर्सेनिक समुद्राकडे चढत गेलंय. आणि तेल-ग्रीस तिन्हीकडे 'आढळले नाही'. नाल्यापाशी पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता हो, बाटली बुडवल्यावर हाताचा डिझेलचा वास साबणानेही जाईना.

सगळं पाणी एकाच प्रकारच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत, आधी त्याच पाण्याने तीनदा विसळून घेतलं. तेलाच्या तपासणीसाठी त्यातलंच अर्धं ओतून प्रयोगशाळेला दिलं. उरलेलं संध्याकाळी खोलीवर येऊन ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळलं आणि नायट्रिक आम्ल घातलं. सर म्हणतात, मधला नमुना बाद कर. मला पटत नाहीये. काय करू?

प्रतिसाद १

बाद अजिबात करू नका, सगळ्यात बोलका नमुना तोच आहे. गोड्या पाण्यात बरंचसं कॅडमियम गाळाच्या कणांना चिकटून वाहत येतं. खारं पाणी मिसळू लागलं की क्लोराइड त्याला कणांवरून सोडवतं आणि विरघळलेलंच ठेवतं. म्हणजे नवीन कॅडमियम कुठून आलेलं नाही, कणांवरचं पाण्यात उतरलंय. पुढे समुद्राचं पाणी वाढत जातं, तसं ते पातळ होतं. शिसं मात्र कण सोडत नाही. गोडं-खारं एकत्र आलं की लोहाचे अतिसूक्ष्म कण गोळा होऊन खाली बसतात, त्यांच्यासोबत तेही तळाला जातं. तेव्हा शिसं 'कमी झालं' असं लिहू नका, चिखल तपासल्याशिवाय तर नकोच.

फिल्टर पेपर टाकून दिलेत का? त्यांच्यावरच्या गाळात मधल्या ठिकाणी कॅडमियम कमी निघालं, तर सरांना दाखवायला पुरावा होईल. आणि गाळायचं ते होडीतच. संध्याकाळपर्यंत बाटलीत ही देवाणघेवाण चालूच राहते.

आर्सेनिकवर माझा भरवसा नाही. आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वजनावरून मूलद्रव्य ओळखणारं यंत्र) मोजलं असेल तर यंत्रातला आरगॉन ४० आणि मिठातला क्लोरीन ३५ जोडून ७५ होतात, आर्सेनिकही ७५. मीठ जितकं जास्त तितकं हे खोटं आर्सेनिक जास्त. असे जोडकण अडवणारा हेलियमचा कोलिजन सेल वापरला होता का, प्रयोगशाळेला विचारा.

प्रतिसाद २

तेलाचं उत्तर तुमच्या बाटलीतच आहे, म्हणजे बाटलीच्या भिंतीवर. तेल प्लास्टिकला चिकटतं. तुम्ही विसळून आधीच एक थर चढवलात आणि मग अर्धंच पाणी दिलंत. तेलाला रुंद तोंडाची काचेची बाटली लागते, ती विसळायची नाही, आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा आणि अख्खी बाटली द्यायची. पाणी काढल्यावर प्रयोगशाळेने रिकामी बाटलीही हेक्सेनने (तेल विरघळवणारा द्राव) धुऊन ते अर्कात घ्यायला हवं. शिवाय हेक्सेन उडवून वजन करण्याच्या पद्धतीत डिझेलचा हलका भागही उडून जातो.

इंद्रधनुषी तवंगाची जाडी ०.३ ते ५ मायक्रॉन असते. एका चौरस मीटरवर फार तर ५ मिलिलिटर, म्हणजे चमचाभर. दिसायला केवढं, बाटलीत केवढंसं!

वास आला म्हणता म्हणून तेलच असेल, तरी काडी फिरवून पाहिलीत का? लोह-जिवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तडकतो आणि तुकडे सुटेच राहतात. तेल लगेच मिटून येतं.

धागाकर्ती

तवंग वल्ह्याने फाटला आणि वल्हं उचलायच्या आत मिटला. तेलच. फिल्टर पेपर फ्रीझरमध्ये आहेत, वाचले! प्रयोगशाळेला फोन केला: नमुने २० पट विरल केले होते, हेलियम वापरलाच नाही. आर्सेनिकचा रकाना सध्या खोडला. आता पुन्हा जाताना याच तीन जागा धरू का?

प्रतिसाद १

जागा नको, क्षारता धरा. भरती-ओहोटीत पाणी सरकतं, जागा तिथेच राहते. मीटर पाण्यात सोडून ०, ५, १०, १५ असे आकडे येतील तिथे थांबा, आणि १० ते २० च्या मध्ये दोन-तीन नमुने जास्तीचे घ्या.