यकृताच्या गाठीभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली, तर आनंद मानावा का?

निळी शाई (चर्चाप्रस्ताव):
यकृताच्या कर्करोगाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना गुलाबी पेशींच्या कडेला पुष्कळदा गडद निळे, बारीक ठिपके दाटलेले दिसतात. ते लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. अहवालातील ही नोंद वाचून नातेवाईक विचारतात, "म्हणजे शरीर लढतंय ना?" या प्रश्नाला सरसकट होकार देणे मला चुकीचे वाटते.

उंदरांवरील २०१६ च्या एका संशोधनात असे दिसले, की विभाजन थांबलेल्या, धोकादायक वळणावरील जरठ यकृतपेशी 'सीसीएल२' हा रासायनिक संकेत सोडतात; त्यामुळे आलेल्या अपक्व मायलॉइड पेशी (अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक गट) मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनतात आणि त्या जरठ पेशींचा फडशा पाडतात. गाठ आधीच तयार झालेली असेल, तर मात्र त्याच संकेतावर आलेल्या पेशी अपक्वच राहतात, कर्करोगपेशी मारणाऱ्या एनके ('नॅचरल किलर') पेशींना नामोहरम करतात आणि गाठ वाढते. सांगावा एकच, पण वेळ बदलली की पाहुणा घरभेदी ठरतो.

तिरपी रेघ:
उंदरांवरून रुग्णांना एवढे हतोत्साह करू नये. यकृताच्या कर्करोगावरील 'आयएमब्रेव्ह१५०' या २०२० च्या चाचणीत अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब मिळालेले ६७.२ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. सोराफेनिब या जुन्या औषधाच्या गटात हे प्रमाण ५४.६ टक्के होते. अटेझोलिझुमॅब कर्करोगपेशीला स्वतः मारत नाही, टी-पेशींवरचा (लिम्फोसाइटच्याच एका प्रकारावरचा) लगाम तेवढा सोडवते. त्या पेशी तिथे नसत्याच, तर लगाम कोणाचा सुटला असता?

निळी शाई:
मुद्दा मान्य, पण अर्धाच. त्यातील दुसरे औषध नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारा 'व्हीईजीएफ' रोखते, आणि हाच घटक टी-पेशींची वाट अडवून दडपशाही करणाऱ्या पेशींना बळ देतो. असाच लगाम सोडवणाऱ्या एकट्या निव्होलुमॅबची सोराफेनिबशी तुलना झाली, तेव्हा आयुर्मानात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक सिद्ध झाला नाही.

तिरपी रेघ:
मग याच कर्करोगावरील 'हिमालय' चाचणीचे काय? (नाव आपल्याकडचे वाटते, एवढेच.) तिच्यात व्हीईजीएफरोधक औषध नव्हते, ट्रेमेलिमुमॅबची एक मात्रा आणि पुढे ड्युरव्हॅलुमॅब, म्हणजे दोन्ही लगाम सोडणारीच औषधे, आणि तरीही ती सोराफेनिबपेक्षा सरस ठरली.

काठावरचा:
आपण दोघेही यकृत आधी कशाने बिघडले होते, हे विचारत नाही आहात. हिपॅटायटिस बी आणि फॅटी लिव्हर यांत जमणाऱ्या टी-पेशी एकाच स्वभावाच्या मानता येत नाहीत. फॅटी लिव्हरमुळे यकृतदाह झालेल्या उंदरांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीडी-१ (टी-पेशींवरचा असाच एक लगाम) रोखल्यावर गाठी कमी होण्याऐवजी वाढल्या, कारण तिथल्या सीडी८, म्हणजे मारक, टी-पेशी गाठीवर पहारा ठेवण्याऐवजी यकृतालाच इजा करत होत्या.

तिरपी रेघ:
तेवढ्यावरून फॅटी लिव्हरच्या रुग्णाला हे उपचार नाकारणे मात्र अन्यायाचे होईल.

निळी शाई:
नाकारावेत, असे मीही म्हणणार नाही. माझी तक्रार अहवालातील 'लिम्फोसाइट भरपूर' या दोन शब्दांपुरती आहे. ते ठिपके कर्करोगपेशींच्या पुंजक्यांत शिरले आहेत, की बाहेरच्या तंतूंच्या पट्ट्यातच खोळंबले आहेत, एवढे तरी यापुढे मी लिहीन.