मदत हवी आहे: ट्रकला मोठी थ्रॉटल बॉडी बसवली, आता आयडल खालीच येईना

गावठी_काउबॉय:
मंडळी अर्जंट आहे. ट्रकची थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काढून मोठी टाकली, कारण मागे बोट लावली की चढाला गाडी नुसती रडते. बसवायला काही अवघड नाही, चार बोल्ट आणि एक कनेक्टर, पण आता आयडल (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) १२०० आरपीएमच्या खाली यायलाच तयार नाही आणि चेक इंजिन पेटलंय. शनिवारी लेक ट्रॅव्हिस तलावावर जायचंय, पोरांना कबूल करून बसलोय. ही ठेवू का काढू एवढंच सांगा, भाषण नको.

डिझेलदादा:
ट्रक कुठला, टाटा का लेलँड? आणि ट्रकला कसली आलीये थ्रॉटल बॉडी? डिझेलमध्ये डिझेल किती फवारायचं त्यावर पॉवर ठरते, हवेवर नाही. टायर कुठले टाकलेत?

गावठी_काउबॉय:
अहो दादा अमेरिकेतला पिकअप आहे, सिल्व्हराडो. पेट्रोल.

पेट्रोलपंप्या:
दादा, बीएस-६ च्या डिझेलला असते हो थ्रॉटल. ईजीआरचा गॅस (इंजिनात परत फिरवलेला धूर) आत ओढायला आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तापवायला. उगाच नवीन पोरांची दिशाभूल नको.

डिझेलदादा:
ती धूर सांभाळायला असते, गाडी पळवायला नाही. मी पॉवरचं बोलतोय. आमच्या गाड्या खंबाटकी चढतात, आम्हाला शिकवू नका.

नट_बोल्ट:
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा बरं. काउबॉय, साल कुठलं, इंजिन कुठलं, मूळची किती एमएम, नवी किती, कोड काय आलाय, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून केलंय का? काहीच सांगायचं नाही आणि उत्तर लगेच पाहिजे, आम्ही काय पत्रिका बघायची का?

गावठी_काउबॉय:
२०१५, ५.३. मूळची ८७, नवी ९५. कोड पी०५०७. ट्यून कशाला? प्लग अँड प्ले लिहिलं होतं.

बे_एरिया_बाळू:
एवढं करण्यापेक्षा पेडलला लावायचा तो कंट्रोलर घ्या, माझी गाडी उडते अक्षरशः. आणि कॅलिफोर्नियात असाल तर असल्या पार्टला कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे मंजुरी नंबर लागतो, नाहीतर स्मॉग टेस्टला अडकाल.

गावठी_काउबॉय:
ह्यूस्टनला आहे.

नट_बोल्ट:
बाळू, त्या कंट्रोलरने एक हॉर्सपॉवरही वाढत नाही, पाय अर्धा दाबला तरी पाऊण दाबलाय असं कॉम्प्युटरला कळवतो तो, बस्स.

काउबॉय, पी०५०७ म्हणजे आयडल पाहिजे त्यापेक्षा जास्त. ८७ ची ९५ केली म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ १९ टक्के वाढलं, पण ईसीएमच्या डोक्यात अजून जुनीच आहे. त्यामुळे तो झडप नेहमीच्या कोनात ठेवतो आणि तेवढ्यातच जास्त हवा आत जाते. आधी गॅस्केट बघ, रबर खाचेतून निसटून बोल्टजवळ चिमटलं असेल तर तिथूनही हवा खेचते. ते ठीक असेल तर स्कॅन टूलने आयडल रीलर्न कर, म्हणजे ईसीएमला आयडल नव्याने शिकव, आणि त्यानेही आलं नाही तर ट्यूनशिवाय पर्याय नाही. झडप बोटाने ढकलून बघू नकोस, आतले गिअर प्लास्टिकचे असतात.

शिवाय मॅनिफोल्ड (थ्रॉटल बॉडीतून आलेली हवा सिलिंडरना वाटणारा भाग) मूळचाच ना? मग ९५ च्या पुढे लगेच ८७ चं भोक, मधे पायरी. फायदा काय झाला?

एक टेस्ट सांगतो. जुनी परत चढव. चावी ऑन, इंजिन बंद, एमएपी (मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब) किती दाखवतो बघ. मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण पाय दाबून वरच्या आरपीएमला परत बघ. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर थ्रॉटल बॉडी इंजिनचा गळा आवळत नाहीये.

डिझेलदादा:
टायरचं कुणी सांगेल का?

गावठी_काउबॉय:
जुनी चढवली काल रात्री, आयडल आलं जागेवर, लाइट पण गेला. एमएपी इंजिन बंद असताना १०१, फुल थ्रॉटलला ९८.
दादा, टायर ३३ इंचाचे आहेत, लेव्हलिंग किट (गाडी पुढून उचलायचं) टाकलं तेव्हाच घेतले, पण त्याचा इथे काय संबंध?

नट_बोल्ट:
झालं! १०१ चे ९८ म्हणजे जुन्याच थ्रॉटल बॉडीतून भरपूर हवा जातेय. आता मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फिरतो) सांग, ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरवर जीयू४ लिहिलं असेल तर ३.०८, जीयू६ असेल तर ३.४२.

गावठी_काउबॉय:
जीयू४.

डिझेलदादा:
मग काय राव. मोठा टायर म्हणजे गाडीला आणखी उंच गिअर, ओढ कमी. घाटात गाडी ओढत नसली की आम्ही आधी टायर बघतो, मग क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधले गिअर), इंजिन शेवटी.

नट_बोल्ट:
दादांचं बरोबर आहे. मूळचे टायर साधारण ३१.६ इंची धरले तर ३३ वर तुझा ३.०८ जवळपास २.९५ सारखा वागतो. रेशो ३.७३ करून घे, खर्च आहे, फोर-बाय-फोर असेल तर पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलला. शनिवारपुरतं टो-हॉल मोड (ओझं ओढायचा) लाव आणि चढाला गिअर हाताने खाली घे.

पेट्रोलपंप्या:
बोट केवढ्याला पडली हो?

बे_एरिया_बाळू:
तरी पेडल कंट्रोलर एकदा लावून बघाच.