पैसा पदकाच्या आधी लागतो

कुणीतरी लिहिलंय की खेळाडूंनी पदक जिंकल्यावर सरकार बक्षीस देतंच, मग त्यांना दरमहा भत्ता कशाला. अहो पण खरा खर्च त्याआधीच्या कित्येक वर्षांत होतो, कोच, फिजिओ, खुराक, बाहेरच्या स्पर्धांची तिकिटं, आणि पूर्णवेळ नोकरी करून दिवसातून दोनदा प्रॅक्टिस कशी जमणार? ब्रिटनचंच बघा ना, १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये फक्त १ गोल्ड, मग १९९७ पासून तिथल्या राष्ट्रीय लॉटरीचा पैसा टॉपच्या खेळाडूंना मिळायला लागला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये २७ गोल्ड! अर्थात तिथे पदकाची आशा नसलेल्या खेळांचा निधी कापला गेला, ते मला अजिबात पटत नाही. आणि दुखापत झाली म्हणून भत्ता थांबवू नये, तेव्हाच तर सगळ्यात जास्त गरज असते.